‘टिल फ्रायडे’: शिरोलीच्या एका कारखान्यातून गेलेल्या चार ओळींच्या ई-मेलचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. पंपाच्या बॉडीची कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले भाग, फाउंड्रीतून आणायची, मशिनिंग स्वतः करायचं आणि माल गिऱ्हाइकाला पोचवायचा, असा धंदा. बरीच वर्षं गिऱ्हाईक पुणे-बेळगावचंच होतं. मग इंग्लंडमधल्या एका कंपनीनं नमुने मागवले आणि पत्रव्यवहार कोण बघणार हा प्रश्न आला. तो डिस्पॅच आणि बिलं बघणाऱ्या बाईंच्या टेबलावर गेला.

बाई चाळिशीच्या. कागल तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकून बी.कॉम. झालेल्या. इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, तोवर त्या दहावीच्या आसपास होत्या. राजारामपुरीत मी नोकरदारांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो, तिथं त्या येतात. वर्गात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथंही वहिनीच. कारखान्याचं आणि गिऱ्हाइकाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण इंग्रजी शिकणाऱ्यांचे नेहमीचे बरेच प्रश्न या एका ई-मेलमध्ये सापडतात.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास वहिनींनी पाठवलेला मजकूर असा होता:

‘डिअर सर, द मटेरियल इज रेडी. वी विल सेंड द सॅम्पल्स टिल फ्रायडे. आय हॅव अ डाऊट इन युवर ड्रॉइंग. काइंडली रिव्हर्ट.’

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं दिसलं. आभार मानून समोरच्यानं तीन गोष्टी विचारल्या होत्या. मटेरियल तयार म्हणजे धातू आला आहे, की कास्टिंग ओतून झाली आहेत? नमुने शुक्रवारपर्यंत पाठवत राहणार म्हणजे थोडे थोडे येणार आहेत का, एकूण किती खोक्यांत? आणि ड्रॉइंगमध्ये तुम्हाला काय चुकीचं वाटतंय? शेवटी एक ओळ होती: ‘वी विल नीड टु अरेंज अ कुरिअर.’

त्या ओळीवरून वहिनींनी मालकांना सांगून टाकलं, की कुरिअरचं ते बघणार आहेत.

मालकांचं म्हणणं, ‘एवढं बी कळंना व्हय त्याला?’ यात तथ्य नाही असं नाही. समोरच्या माणसानं अंदाज बांधलाही असणार. पण परदेशात पैसे मोजून माल घेणारा माणूस अंदाजावर पुढं जात नाही, तो विचारतो. जूनमध्ये इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. आपण संध्याकाळी सहाला मेल टाकला की तिथं दुपारचा दीड वाजलेला असतो. त्यांनी चार वाजता उत्तर दिलं तरी इथं साडेआठ होऊन कारखान्याचं ऑफिस बंद झालेलं असतं. प्रत्येक शंकेला एक दिवस जातो. शुक्रवार चार दिवसांवर असताना हा दिवस महाग असतो.

वहिनी तो मेल छापून वर्गात घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘सर, हे असलं वाक्य मी पाचवीपासनं लिहितोय की. चूक कुठं हाय?’ (आमच्याकडं बायकाही ‘लिहितो’च म्हणतात.)

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. व्याकरणाच्या पेपरात तपासलं तर या चार वाक्यांत लाल शाई फारशी लागणार नाही. क्रियापदं बरोबर आहेत, काळ बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे. तरी वाचणाऱ्याला तीन प्रश्न पडले. अडलं ते ज्या शब्दांसाठी वहिनींनी कधी शब्दकोश उघडला नसता अशा शब्दांत. अवघड शब्द माणूस बघून घेतो. ‘टिल’ कोण बघणार?

‘टिल’वर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत नमुने पाठवू’ आणि ‘शुक्रवारपर्यंत दुकान उघडं राहील’ या दोन्हीकडं ‘पर्यंत’ चालतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘बाय’ लागतो आणि दुसऱ्याला ‘टिल’. एकदाच होऊन संपणारं काम आणि त्याची मुदत असेल तर ‘बाय’. त्या वेळेपर्यंत चालू राहणारी स्थिती किंवा क्रिया असेल तर ‘टिल’. इंग्रजी-मराठी शब्दकोशात दोन्हींपुढं ‘पर्यंत’ सापडतो, त्यामुळं तिथून सुटका होत नाही.

पण मराठीत हा फरक नाहीच असं समजणं चूक आहे, आणि वर्गात मी हे आवर्जून सांगतो, कारण शिकणाऱ्यांना आपली भाषा तोकडी वाटायला लागते. मराठी तोच फरक क्रियापदावर दाखवते. ‘पाठवू’ वेगळं आणि ‘पाठवत राहू’ वेगळं. म्हणून वहिनींना एक तपासणी दिली: वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि क्रियापदाला ‘राहू’ किंवा ‘राहील’ जोडून बघा. अर्थ न बदलता जोडता आलं तर ‘टिल’. जोडल्यावर भलतंच काही व्हायला लागलं तर ‘बाय’. ‘शुक्रवारपर्यंत नमुने पाठवत राहू’ असं त्यांनी मोठ्यानं म्हटलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की गोऱ्या साहेबानं खोकी किती असं का विचारलं. ‘शुक्रवारच्या आत’ असं म्हणता येत असेल तरीही बहुतेक वेळा ‘बाय’च येतो, हा दुसरा पडताळा.

लगेच बाकावरून पुढचा प्रश्न आला, आणि तो बरोबर होता. ‘मशीन शुक्रवारपर्यंत येणार नाही’ याचं काय? इथं मराठी खरंच दोन अर्थ देते. एक, शुक्रवारची मुदत हुकणार, मग कधी येईल माहीत नाही. दोन, तोवर वाट बघा, शुक्रवारी येईल. पहिल्याला ‘वोन्ट कम बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘वोन्ट कम टिल फ्रायडे’. न येणं हीसुद्धा चालू राहणारी स्थितीच आहे, म्हणून दुसऱ्यात ‘टिल’. माल अडकून पडलेल्या कारखानदाराला या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या बातम्या कळतात. पहिलं ऐकून तो दुसरीकडं मशीन शोधेल, दुसरं ऐकून थांबेल.

याच कुळातला आणखी एक शब्द, ‘दोन दिवसांत’. आपण सहज ‘इन टू डेज’ लिहितो. इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ बहुधा ‘आजपासून दोन दिवसांनी’ असा घेतो. आपल्याला ‘फार तर दोन दिवस, त्याच्या आधीही होईल’ असं म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’. पुण्याच्या गिऱ्हाइकाला पहिलं लिहिलं तरी तो आपल्याच पद्धतीनं वाचतो, त्यामुळं ही चूक वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

‘बाय फ्रायडे’ कळल्यावर वहिनींनी स्वतःच पुढचं विचारलं: ‘म्हणजे शुक्रवारी इथनं निघणार का तिथं पोचणार?’ ‘सेंड’मधून ते नीट कळत नाही. निघण्याची तारीख सांगायची तर ‘डिस्पॅच’, पोचवण्याची सांगायची तर ‘डिलिव्हर’. शिरोलीहून खोकं निघणं आणि इंग्लंडात उतरणं यात काही दिवसांचं अंतर आहे, आणि वादाची शक्यता नेमकी त्या अंतरात असते.

आता ‘मटेरियल’. उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जा, मटेरियल म्हणजे माल. चलनावर मटेरियल, गेटवर मटेरियल, फोनवर ‘मटेरियल निघालं का?’ आपला ‘माल’ इंग्रजी कपडे घालून उभा आहे, इतकंच. मराठीत कच्चा की पक्का हे विशेषण लावून सांगता येतं आणि शेडमध्ये ते न लावताही कळतं. इंग्लंडमधला खरेदी-अधिकारी मात्र ‘मटेरियल’ वाचलं की ज्यापासून वस्तू करायची तो पदार्थ, म्हणजे इथं लोखंड आणि त्याचा ग्रेड, असं समजतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या ‘मटेरियल’ या चौकटीतही तेच लिहिलेलं असतं. वहिनी ते रोज बघतात. त्यांना मी एवढंच सांगितलं, की वस्तूला तिच्या नावानं हाक मारा: कास्टिंग्ज, पार्ट्स, सॅम्पल्स. आणि ‘रेडी’ म्हणजे कुठल्या टप्प्यावर, तेही लिहा. ओतून झालं, फेटलिंग (वाळू आणि जादा धातू काढून केलेली साफसफाई) झालं, मशिनिंग झालं, तपासणी झाली, यातलं काय झालं ते सांगितलं की पुढचा प्रश्न उरत नाही.

‘डाऊट’मुळं जे झालं ते जरा नाजूक होतं. आपल्याकडं पोरं वर्गात हात वर करून ‘सर, डाऊट आहे’ म्हणतात आणि त्यात कसलाही अविश्वास नसतो. मराठीत ‘शंका विचारणं’ आणि ‘शंका घेणं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथंही तो फरक क्रियापदानं सांभाळला आहे. ‘आय हॅव अ डाऊट इन युवर ड्रॉइंग’ हे इंग्लंडमध्ये ‘शंका घेणं’ या बाजूला झुकतं. म्हणून ‘काय चुकीचं वाटतंय’ असा थोडा सावध प्रश्न आला. प्रत्यक्षात शॉपवरच्या सुपरवायझरचं म्हणणं साधं होतं: ४० मिलिमीटरच्या बोअरला (आतल्या भोकाला) टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडंतिकडं चालेल ती मर्यादा, दिलेला नाही, किती धरायचा? हेच सरळ लिहिलं असतं तर ‘डाऊट’ शब्दाची गरजच पडली नसती.

तरीही मी वहिनींना ‘डाऊट’ सोडून द्या असं सांगितलेलं नाही, आणि कुणालाच सांगत नाही. भारतातल्या इंग्रजीला स्वतःची घडण आहे. ‘प्रीपोन’ शब्द भारतीय वापर म्हणून इंग्रजी शब्दकोशांत गेला आहे. ‘डू द नीडफुल’ तर साहेबांच्याच ऑफिसातून आलेलं. तिकडं ते जुनं होऊन मागं पडलं, इकडं टिकलं. लक्ष्मीपुरीतल्या बँकेला पत्र लिहिताना ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं तर साहेब लोक काम करतात, कुणाला काही अडत नाही. प्रश्न वाचणारा कोण आहे हा आहे. चुकीचं इंग्रजी म्हणून शिकणाऱ्याला खजील करणाऱ्या शिकवणीनं कोल्हापुरातल्या कितीतरी हुशार माणसांची तोंडं बंद केली आहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘रिव्हर्ट’बद्दल थोडक्यात: आपण ते ‘उत्तर द्या’ या अर्थानं वापरतो, इंग्लंडमध्ये त्याचा पहिला अर्थ पूर्वीच्या स्थितीत परत जाणं. इथं वाचणाऱ्याला कळलं, कारण दुसरा अर्थ बसतच नव्हता. ‘रिप्लाय’ लिहिलं की झालं.

कुरिअरच्या ओळीचं प्रकरण वेगळं, कारण तिथं लिहिण्यात गडबड नव्हती, वाचण्यात होती. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे निवडल्याशिवाय बोलताच येत नाही. ऐकणारा त्यात आहे की नाही हे पहिल्याच शब्दात ठरतं. इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. ‘वी विल नीड टु अरेंज अ कुरिअर’ याचा अर्थ ‘आम्हाला करावं लागेल’ असाही होतो आणि ‘आपल्याला काहीतरी ठरवावं लागेल’ असाही. वहिनींनी पहिला धरला. मी विचारलं, ‘कशावरून?’ त्या म्हणाल्या, ‘वी म्हणजे आम्ही, असंच शिकलोय.’ पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात ‘वी’पुढं ‘आम्ही’ असतंच, पण त्याच्याशेजारी ‘आपण’ही असायला हवं. हा खर्चाचा मामला होता. परदेशी कुरिअरचं भाडं कोण भरणार हे एका सर्वनामावर सोडून चालणार नाही, म्हणून आम्ही ती ओळ थेट प्रश्नात फिरवायचं ठरवलं.

नवा मेल वहिनींनीच लिहिला. मी फक्त एका ठिकाणी थांबवलं, तिथं त्यांनी पुन्हा ‘मटेरियल’ लिहिलं होतं. मजकूर असा झाला:

‘द सॅम्पल कास्टिंग्ज आर मशीन्ड अँड रेडी फॉर फायनल इन्स्पेक्शन. वी विल डिस्पॅच ऑल ऑफ देम इन वन बॉक्स बाय फ्रायडे, १४ जून. द ड्रॉइंग डझ नॉट शो अ टॉलरन्स फॉर द ४० एमएम बोअर. कुड यू प्लीज कन्फर्म इट? विल युवर कुरिअर कलेक्ट द बॉक्स, ऑर शुड वी बुक वन अँड ॲड द कॉस्ट टु द इन्व्हॉइस?’

पहिल्या मेलपेक्षा हा लांब आहे आणि यात एकही भारी शब्द नाही. उत्तर आलं त्यात टॉलरन्स होता आणि कुरिअर कोल्हापुरातून बुक करा, बिलात लावा, असं स्पष्ट होतं. आधीच्या उत्तरातल्या ‘वी’च्या भरवशावर मालक त्यांच्या कुरिअरच्या गाडीची वाट बघत बसले असते.

वर्गात या प्रकरणावर नंतर बराच खल झाला, कारण प्रत्येकाकडं स्वतःचे प्रश्न होते. उसनं घेणं ‘बॉरो’ आणि उसनं देणं ‘लेंड’, हे कायम उलटसुलट होतं. ऐकणं म्हणजे ‘हिअर’ की ‘लिसन’? तीन वर्षांपासून म्हणजे ‘सिन्स थ्री इयर्स’ का नाही? ‘डिस्कस’पुढं ‘अबाऊट’ का नको? मुलगा ‘पास आऊट’ झाला असं लिहिलं तर काय बिघडलं? परवा म्हणजे नेमकं काय लिहायचं?

या सगळ्यांना सारखं महत्त्व द्यायला माझा विरोध आहे. वर्गातली पुस्तकं आणि फोनवर फिरणाऱ्या ‘या शंभर चुका टाळा’ छापाच्या याद्या सगळ्या चुका एका रांगेत उभ्या करतात. मग शिकणारा सगळ्यांनाच घाबरतो. मी एकच प्रश्न विचारायला लावतो: हे वाचून समोरचा माणूस काही वेगळं करून बसेल का?

‘सिन्स थ्री इयर्स’ वाचून कुणी काही वेगळं करत नाही. तिथं ‘फॉर’ हवं, कारण ‘सिन्स’ला सुरुवातीचा बिंदू लागतो, २०१५ किंवा सोमवार, आणि ‘फॉर’ला कालावधी. मराठीचा ‘पासून’ दोन्ही सांभाळतो. शिकावं जरूर, पण निवांत. ‘डिस्कस अबाऊट’ही तसंच, ‘अबाऊट’ गाळा, एवढंच. ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’ म्हटलं तरी पेन मिळतं.

‘परवा’चं तसं नाही. मराठीत परवा होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. क्रियापद सांगतं कुठला. घाईत मनातल्या मनात भाषांतर करणारा ‘द डे बिफोर यस्टरडे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’ यांची अदलाबदल करू शकतो, आणि डिस्पॅचच्या मेलमध्ये ते भोवतं. तिथं मी दोन्ही सोडून तारीख लिहायला सांगतो. आमच्या वर्गात एका दवाखान्यात काम करणाऱ्या ताई आहेत. त्यांच्यासाठी सगळ्यात वरचा प्रश्न ‘बोट’. हाताचं असेल तर ‘फिंगर’, पायाचं असेल तर ‘टो’. आपण ‘हाताचं’, ‘पायाचं’ असं पुढं जोडतो आणि अनेकदा गाळतोही. केसपेपरवर ते गाळता येणार नाही. म्हणजे कोणता प्रश्न आधी सोडवायचा हे शिकणाऱ्याच्या कामावरून ठरतं. त्यासाठी छापील यादी पुरत नाही.

‘पास आऊट’वर वाद झाला. आपल्याकडं पदवी मिळवणं, इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे शुद्ध हरपणं. बायोडेटा परदेशी कंपनीकडं जाणार असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा, एवढ्यावर मिटला.

वहिनींनी शब्दकोश कुठला घ्यावा असं विचारलं. माझं उत्तर ठरलेलं आहे: इंग्रजी-मराठी हाताशी असू द्या, पण छोट्या शब्दांसाठी शिकणाऱ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा, आणि अर्थाच्या आधी उदाहरणाची वाक्यं वाचा. असे कोश वर्गातल्या अडचणींतूनच जन्माला आले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा एक कोश केला. तो १९४२ साली जपानमध्येच निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांना ‘टिल’चा प्रश्न पडत नाही. तो आपल्याला पडतो, जपानी माणसालाही त्याच्या पद्धतीनं पडतो, आणि अशा कोशांत तो गृहीत धरलेला असतो.

तारखांबद्दल दोन गोष्टी कारखान्यात आता ठरून गेल्या आहेत. महिना आकड्यात लिहायचा नाही. इंग्लंडमध्ये आपल्यासारखाच आधी दिवस, मग महिना. पण अमेरिकेत ६/७ म्हणजे ७ जून, आपल्याकडं ६ जुलै. अमेरिकेतून चौकशी आली की एक महिन्याचा घोळ तयार. आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’ लिहायचं नाही, कारण हा येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा यावर खुद्द इंग्रजांचंही एकमत नसतं.

फोनवर मात्र अजून अडतं. लिहिताना ‘राहू’ जोडून बघायला वेळ असतो, बोलताना नसतो. मागच्या कॉलला समोरचा ‘हाफ सेव्हन’ म्हणाला आणि वहिनी गोंधळल्या. इंग्लंडमध्ये ते ‘हाफ पास्ट सेव्हन’चं आखूड रूप, म्हणजे आपले साडेसात. त्यांनी ‘सेव्हन थर्टी?’ असं परत विचारून घेतलं. हे परत विचारणं मला कुठल्याही नियमापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि ते त्या न लाजता करतात.

नमुने पोचल्यावर आलेल्या मेलमध्ये ‘द सरफेस फिनिश इज क्वाइट गुड’ असं होतं. मालकांना पेढे आणू का, असं वहिनींनी मला फोन करून विचारलं. अमेरिकन माणसानं लिहिलं असतं तर ‘चांगलंच आहे’ असं समजता आलं असतं. इंग्लंडच्या लिखाणात ‘क्वाइट गुड’ पुष्कळदा ‘ठीक आहे’ इतकंच सांगतं, आणखी सुधारायला जागा आहे असं सुचवतं. मालकांना ‘ठीक म्हणतायत’ असं सांगा आणि कुठं कमी पडलं ते विचारा, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं. फ्लँजच्या आतल्या बाजूला वाळूचा खरखरीतपणा राहिला होता. वहिनींनी ती ओळ मराठीत लिहून फेटलिंगच्या मुकादमाकडं पाठवली.